चहाडखोर पाणी

लपंडावात चांगला गडी कोणता? जो शेवटपर्यंत सापडत नाही तो! पण कधी कधी काय होतं, ज्याच्यावर राज्य आलेलं असतं तो शोधून शोधून दमतो, "जाऊ दे, तो घरी पळाला असणार" म्हणून डाव मोडतो, आणि आपला पठ्ठ्या मात्र जिन्याखाली श्वास रोखून तसाच बसलेला असतो. 'सापडला नाही' आणि 'नाहीच आहे' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आपण किती सहज एक करून टाकतो, बघा.

खेळात हे चालून जातं. समुद्रात मात्र ते जिवावर बेतू शकतं. कुणाच्या? शार्कच्या!

दचकलात ना? शार्क म्हटलं की आपल्याला सिनेमातला तो जबडाच आठवतो. खरी गोष्ट उलटी आहे. १९७० ते २०१८ या काळात खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या ७१ टक्क्यांनी घटली, असा हिशेब शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडला. कारण मुख्यतः एकच, बेसुमार मासेमारी. बांगड्याची मादी हजारोंनी अंडी घालते. बहुतेक शार्कमाद्यांना एका वेळी मोजकीच पिल्लं होतात आणि ती पिल्लं वयात यायला कित्येक वर्षं लागतात. तेव्हा एकदा संख्या घसरली की भरून यायला पिढ्यान् पिढ्या जातात.

आता कल्पना करा, एका किनाऱ्यावर पूर्वी शार्क दिसायचे, हल्ली दिसत नाहीत. ते संपले, की उरलेसुरले कुठंतरी दडून बसलेत? संपले म्हणावं तर विषयच मिटला. जे नाही ते वाचवायचं कसं? मग तिथं जाळी टाकायला बंदी कशाला आणि राखीव क्षेत्र तरी कशाला? पण समजा ते होते, थोडेच होते, आणि आपणच डाव मोडून घरी निघून गेलो तर?

नेमका हाच प्रश्न न्यू कॅलेडोनियात पडला होता. नकाशात ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला सुमारे बाराशे किलोमीटरवर बोट ठेवा. प्रशांत महासागरातली फ्रान्सच्या अखत्यारीतली ही बेटं. भोवती प्रवाळाची जगातली एक सर्वांत लांब भिंत आणि तिच्या आतल्या बाजूला शांत, निळंशार पाणी. तिथं शार्क मोजायच्या दोन पद्धती होत्या. पहिली म्हणजे पाणबुड्यानं खाली जायचं आणि दिसेल तो मासा पाटीवर टिपून घ्यायचा. दुसरी म्हणजे कॅमेऱ्यासमोर आमिषाची पिशवी टांगून तो पाण्यात सोडायचा आणि वास घेत कोण कोण येतं ते नंतर चित्रफितीत पाहायचं. दोन्ही पद्धती चांगल्याच आहेत. पण पाणबुड्याच्या नळकांड्यातून निघणारे ते बुडबुडे, तो आवाज! बुजरा शार्क कशाला थांबतोय? काही रात्रीच बाहेर पडतात, काही खोलवर असतात. आणि जिथं माणसानं फार त्रास दिलाय, तिथले तर आणखीच सावध.

एकूण २७५८ वेळा पाणबुडे उतरले, ३८५ वेळा कॅमेरे सोडले. या सगळ्या खटाटोपातून शार्कच्या ९ जाती मिळाल्या. मग शास्त्रज्ञांनी तिसरी युक्ती केली. त्यांनी समुद्राच्या पाण्याचे फक्त २२ नमुने घेतले. शार्क पकडला नाही, पाहिलासुद्धा नाही. त्या पाण्यातून जाती निघाल्या १३! त्यांतल्या काही तर माणसांची वर्दळ असलेल्या भागात निघाल्या, जिथं पाणबुड्यांना त्या कधी दिसल्याच नव्हत्या. हा निकाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. शार्क पाणबुड्यांपासून लपले होते, पण पाण्यानं त्यांची चहाडी केली.

कशी? तेच तर सांगायचंय.

तुमच्या घरी पाहुणा येऊन गेला तर काय काय मागं राहतं? उशीवर केस, कपाला लागलेली लाळ, आणि तुम्हाला आवडो न आवडो, जमिनीवर त्याच्या त्वचेचे अगदी बारीक कण. माशाचंही तसंच. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर पाण्यात सुटत असतो, खवले झडतात, तो शी-शू करतो, अंडी घालतो. या सगळ्यात त्याच्या पेशी असतात आणि पेशीत असतो डी.एन.ए. तुम्ही शाळेत शिकलाच असाल, की डी.एन.ए. म्हणजे चारच अक्षरांत लिहिलेली लांबलचक पोथी. ए, टी, जी आणि सी ही ती अक्षरं. प्रत्येक जातीच्या पोथीत त्यांचा क्रम थोडा थोडा वेगळा. परिसरात असा इतस्ततः पडलेला जो डी.एन.ए., त्याला शास्त्रज्ञ 'पर्यावरणीय डी.एन.ए.' म्हणतात. एवढं लांब नाव कोण घेणार? आपण ई-डी.एन.ए. म्हणू.

बाटलीभर पाणी आणलं की आधी ते गाळतात. ही आपली चहाची गाळणी नव्हे बरं का. हिची छिद्रं मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक असतात. पाणी निघून जातं, पेशी आणि कण गाळणीवर अडकतात. म्हणजे हवी ती पाणी नव्हे, गाळणी! ती टिकाऊ द्रवात घालून प्रयोगशाळेत नेतात आणि तिच्यावरचा डी.एन.ए. वेगळा करतात. पण तो असतो किती? नखभरही नाही. शिवाय त्यात शार्कचा किंचितसा, बाकी सगळा जीवाणूंचा, शेवाळाचा, आणखी कुणाकुणाचा.

इथं कामाला येतं डी.एन.ए.चं झेरॉक्स यंत्र. कॅरी मुलिस या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९८३ मध्ये ही कल्पना सुचली आणि १९९३ मध्ये तिच्यासाठी त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. तिचं नाव पी.सी.आर. करोनाच्या साथीत नाकात काडी घालून जी चाचणी करायचे, तीच ही पद्धत. एका तुकड्याचे दोन, दोनांचे चार, चारांचे आठ. तुम्हाला वाटेल, असं करत कधी पोहोचणार? वही घ्या आणि तीस वेळा दुप्पट करून पाहा. एकाचे १०७ कोटींच्या वर होतात! आणि हे यंत्र सगळ्या पोथीची नक्कल करत नाही. 'सुरुवातीला ही अक्षरं आणि शेवटी ती अक्षरं असलेलंच पान काढ' असं त्याला सांगता येतं. त्यासाठी डी.एन.ए.चेच छोटे तुकडे खुणेसारखे वापरतात. माशांच्याच पोथीत सापडेल अशी खूण दिली, की जीवाणूंच्या गर्दीतून मासे तेवढे वर येतात.

माशांसाठीची एक फार उपयोगी खूण जपानच्या मासाकी मिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये शोधून काढली. तिच्यानं मिळणारा तुकडा जेमतेम १७० अक्षरांचा. पण तेवढ्यावरूनही बहुतेक मासे ओळखता येतात. खूण खरंच चालते का, हे त्यांनी कुठं तपासलं असेल? ओकिनावाच्या मोठ्या मत्स्यालयात! समुद्रात किती मासे आहेत हे कुणालाच ठाऊक नसतं, पण मत्स्यालयाच्या टाक्यांत कोण कोण आहे याची यादी असते. म्हणजे उत्तरपत्रिका हातात ठेवून गणित सोडवण्यासारखंच. टाक्यांत १८० जाती होत्या, पाण्यानं १६८ सांगितल्या. शंभरात त्र्याण्णव गुण!

पण या पद्धतीची पहिली मोठी जाहिरात झाली ती २०१२ मध्ये, डेन्मार्कच्या हेलसिंगोर गावाजवळ. (शेक्सपिअरचा हॅम्लेट ज्या किल्ल्यात वावरतो, तो याच गावचा. त्याचा आपल्या विषयाशी काही संबंध नाही, पण माहीत असावं.) कोपनहेगनच्या फिलिप थॉमसेन आणि त्यांच्या मंडळींनी तिथल्या समुद्रातून अर्ध्या अर्ध्या लिटरचे नमुने घेतले. त्यात माशांच्या १५ जाती निघाल्या, शिवाय चार पक्षी. जाळी, गळ, पिंजरे अशा नेहमीच्या नऊ पद्धतींशी त्यांनी तुलना केली. पाण्याची बाटली कुठंच मागं पडली नाही. त्या पंधरांत एक सार्डिन होता, म्हणजे आपल्या तारलीचा युरोपातला भाऊबंद. तो त्या भागात क्वचितच फिरकतो.

आता एक शंका तुमच्या डोक्यात यायला हवी. आली का? बंदरावर कुणी डब्यातले सार्डिन खाल्ले आणि डबा समुद्रात विसळला तर? किंवा नमुना घेणाऱ्यानं दुपारी सुरमई खाल्ली आणि हात नीट धुतले नाहीत तर? शाबास! हीच शंका शास्त्रज्ञांची झोप उडवते. जे यंत्र एकाचे शंभर कोटी करतं, ते चुकीच्या एकाचेही शंभर कोटी करतं. म्हणून हातमोजे, नव्या बाटल्या, आणि प्रत्येक फेरीला शुद्ध पाण्याची एक 'कोरी' बाटली. ती बाटलीही बाकीच्यांसारखीच गाळायची, तपासायची. कोऱ्या बाटलीत सुरमई निघाली, तर समजायचं की सुरमई समुद्रातली नाही, डब्यातली आहे.

याचा एक गमतीदार दाखला कॅलिफोर्नियातला. तिथल्या माँटेरी बे मत्स्यालयात एक ४५ लाख लिटरची अवाढव्य टाकी आहे. रायन केली यांच्या गटानं तिचं पाणी तपासलं आणि २०१४ मध्ये निकाल सांगितला. टाकीत पोहणारे हाडांचे मासे बरोबर ओळखले गेले. त्यांच्यासोबत आणखी एक मासा निघाला, जो टाकीत पोहतच नव्हता. तो इतरांना खायला घातला जात होता! आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. टाकीत कूर्चेचे मासेही होते, म्हणजे शार्क-पाकटांच्या कुळातले, आणि समुद्री कासवंही होती. ती मात्र पाण्यात सापडलीच नाहीत. काचेपलीकडून रोज हजारो लोक त्यांना पाहत होते आणि चाचणी म्हणत होती, 'छे, इथं कुणी नाही'.

असं का व्हावं? वापरलेली खूण हाडांच्या माशांना नीट चिकटणारी असली की बाकीचे निसटतात. जाळ्याची भोकं मोठी असली की बारीक मासा निसटतो, तसंच हे. न्यू कॅलेडोनियातल्या मंडळींचं जाळं शार्कसाठी विणलेलं होतं, म्हणून तिथं शार्क सापडले. तेव्हा मित्रांनो, 'सापडलं नाही म्हणजे नाही' ही आपली जुनी खोड ई-डी.एन.ए. वापरतानाही सोडावी लागते. पाण्यानं 'आहे' म्हटलं, तर कोरी बाटली पाहून विश्वास ठेवायचा. 'नाही' म्हटलं, तर पुन्हा जायचं. दुसऱ्या ऋतूत, दुसऱ्या खोलीवर, दुसरी खूण घेऊन.

या चहाडखोराला आणखीही काही गोष्टी सांगता येत नाहीत. मासा लहान होता की मोठा, नर की मादी, हे त्याला कळत नाही. किती होते याचा अंदाजही ढोबळच. आणि प्रवाह डी.एन.ए.ला वाहून नेतो, त्यामुळे मासा नेमका बाटली बुडवली तिथंच होता असंही नाही. मात्र एक बरं आहे. समुद्राच्या पाण्यात ऊन आणि जीवाणू मिळून डी.एन.ए.चे तुकडे करतात, काही दिवसांत तो ओळखण्यापलीकडे जातो. म्हणजे पाणी शिळ्या बातम्या देत नाही. आज सापडलं, तर पाहुणा नुकताच येऊन गेलाय.

कधी कधी तर पाणी जातीच्या पलीकडचंही बोलतं. कतारजवळ समुद्रात अल शाहीन नावाचं तेलक्षेत्र आहे. तिथं व्हेल शार्क गोळा होतात. जगातला हा सर्वांत मोठा मासा, पण खातो बारीकसारीक जीव आणि अंडी. तिथल्या पाण्यातल्या ई-डी.एन.ए.वरून शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये त्यांचं घराणं शोधलं. कोणत्या आईच्या वंशाचे किती, जगातल्या इतर व्हेल शार्कशी त्यांचं नातं काय, हे सगळं पाण्यातून! प्रत्यक्ष माशांच्या कातडीचे नमुने घेऊन पडताळलं, तर उत्तर जुळलं. हाच मासा गुजरातच्या किनाऱ्यालाही येतो. आपल्याकडे २००१ पासून त्याला मारायला कायद्यानं बंदी आहे.

भारतातही हे काम सुरू झालंय. हैदराबादच्या सी.सी.एम.बी. या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ओडिशाच्या चिल्का सरोवराचं पाणी असंच तपासलं. समुद्राला जोडलेलं, निमखारं असं हे सरोवर. जीवाणूंपासून मोठ्या प्राण्यांपर्यंत कोणकोणती कुळं तिथं नांदतात, याचा पट त्यांनी पाण्यातून मांडला.

मला विचाराल तर पुढची बाटली कोकणातल्या खाडीत बुडवावी, आणि ती करवत माशासाठी. हा पाकटांचा नातलग. तोंडापुढं दोन्ही बाजूंनी दात असलेली खरीखुरी करवत! तीच त्याच्या मुळावर आली, कारण ती कुठल्याही जाळ्यात चटकन अडकते. आज जगात त्याच्या सगळ्याच जाती अतिशय धोक्यात आहेत. आपल्या किनाऱ्यावर तो क्वचित कधी दिसला तर बातमी होते. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या नद्यांत त्याचा माग पाण्यावरून काढता येतो, हे २०१६ मध्ये सिद्ध झालंय. मग आपल्या खाड्यांत तो उरलाय का? किनाऱ्याला राहत असाल, तर घरातल्या किंवा शेजारच्या जुन्या कोळीदादांना विचारून पाहा, शेवटचा कधी पाहिला होता म्हणून. ते उत्तर वहीत लिहून ठेवा. शास्त्रज्ञाला बाटली कुठं बुडवायची हे ठरवताना असल्याच नोंदी हव्या असतात.

आणि हो, पाण्यातली अक्षरं वाचून झाली, तरी ती कुणाची हे कळायला आधी तयार यादी लागते. पोलिसांना बोटाचा ठसा मिळाला, पण दप्तरी तो ठसाच नसला तर चोर कसा सापडणार? म्हणून कुणीतरी मासा हातात घेऊन, त्याचे पर, खवले, दात मोजून त्याची जात पक्की ठरवावी लागते आणि मग त्याचा डी.एन.ए. यादीत नोंदवावा लागतो. अशी माणसं कमी होत चालली आहेत, आणि यंत्रं कितीही स्वस्त झाली तरी त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. तुमच्यापैकी कुणाला मासे ओळखायचा नाद असेल, तर तो सोडू नका.

पाणी गाळण्याचं काम मात्र तुमच्या वयाच्या मुलांनाही जमतं, हे युनेस्कोनं करून दाखवलंय. सप्टेंबर २०२२ ते जुलै २०२३ या काळात जगभरातल्या २१ सागरी वारसास्थळांवर साध्या नागरिकांनी नमुने घेतले. त्यांत शाळकरी मुलं होती. सर्वांत लहान भिडू होता अवघा सहा वर्षांचा! हातमोजे घालायचे, पाणी भरायचं, गाळणीतून दाबून काढायचं, गाळणी बंद करून पाठवायची. पुढचं काम प्रयोगशाळेचं. या सगळ्या नमुन्यांतून जवळजवळ साडेचार हजार सागरी जाती निघाल्या आणि त्यांतल्या १२० धोक्यात आलेल्या जातींच्या यादीतल्या होत्या.

तुम्ही विचाराल, न्यू कॅलेडोनियातल्या शार्कचं पुढं काय झालं? तिथं २०१३ मध्येच शार्कच्या मासेमारीवर बंदी आली होती. लपून राहिलेले निघाले, त्यामुळे ती बंदी फुकट नव्हती असं म्हणायला आधार मिळाला. पण गोष्ट इतकी सरळ संपली नाही. २०२३ मध्ये राजधानी नूमेआच्या किनाऱ्यावर शार्कच्या हल्ल्यात एका पर्यटकाचा जीव गेला. लोक घाबरले, आणि प्रशासनानं किनाऱ्याजवळचे मोठे शार्क मारायची मोहीम काढली. तिच्याविरुद्ध काही जण न्यायालयात गेले. शार्क आहेत हे पाणी सांगू शकतं. त्यांच्याशेजारी कसं राहायचं, हे भांडण मात्र माणसांनाच मिटवावं लागतं.

जाता जाता स्पंजची गोष्ट सांगतो. स्पंज हा प्राणी समुद्राच्या तळाला एका जागी बसून दिवसभर अंगातून पाणी गाळत असतो, तेच त्याचं जेवण. म्हणजे निसर्गानं गाळणी आधीच बनवून ठेवलेली! २०१९ मध्ये स्तेफानो मारियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पंजचे तुकडे तपासले, तर त्यात आसपासच्या माशांचा डी.एन.ए. अडकलेला निघाला. त्यानंतर शास्त्रज्ञांची नजर गेली ती संग्रहालयांकडे. तिथं कपाटांत, बरण्यांत घालून ठेवलेले जुने स्पंज असतात, आणि बरणीवरच्या चिठ्ठीवर तारीख आणि ठिकाण लिहिलेलं असतं. त्यांच्यातूनही मासे निघू लागले आहेत. स्पंज बरणीत जायच्या आधी त्याच्या शेजारून जे पोहून गेले होते, ते.